डोमाची गाठ

चांद्यात विजेचं सामान घेणारे लोक दोन जातींचे होते. इंग्रजी वाचता येणारे वस्तूवरचा शिक्का बघत, आणि बाकी सगळं गाव डोमाची गाठ बघे.

डोमा मूळचा मूलकडच्या एका तलावाकाठच्या गावचा, ढिवराचा पोर. बापजाद्यांनी जाळी विणली आणि मरळ धरली. डोमाला मात्र लहानपणीच तालुक्याच्या रस्त्यावरचा विजेचा खांब दिसला आणि त्याचं चित्त पाण्यातून उडालं. धक्के खात, शिव्या खात तो वायरमनचं काम शिकला आणि जटपुरा गेटाजवळच्या उमाजीभाऊच्या दुकानात चिकटला. त्याला आता बारा वर्षं झाली होती. दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू, मग तो टेबलपंखा असो की साधा बटणाचा दिवा, आधी डोमाच्या हातून जाई. तो ती उघडी, आत बघे, लाइनवर चालवून बघे आणि मनासारखी वाटली की तिच्या वायरीला एक पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं बांधी. ती गाठ जाळ्याची असे. ओढली की आणखी आवळते, सोडू म्हटलं तर सुटत नाही. बापानं शिकवलेली तेवढी एकच गोष्ट त्यानं विजेच्या धंद्यात आणली होती.

गाठ बांधलेली वस्तू कधी परत आली नाही. लोक म्हणू लागले, “गाठ हाय का? मंग द्या.” उमाजीभाऊ गिऱ्हाइकासमोर हसायचा आणि मागं कुरकुरायचा, की दुकान माझं आणि नाव या ढिवराचं. पण कुरकुर बेतानंच, कारण त्याच नावावर दुकान चालत होतं.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. उमाजीभाऊ कलकत्त्याहून एक खोकं घेऊन आला. आत सहा विजेच्या इस्तऱ्या. आरशासारख्या चकचकीत, काळ्या मुठीच्या. हा माल मुळात कुठल्याशा दुसऱ्याच देशात जायचा होता, बंदरात अडकला आणि लिलावात निघाला. उमाजीभाऊनं एक इस्तरी उचलली आणि तिच्या पाठीवरच्या झाकणाकडं बोट दाखवलं. झाकणाच्या स्क्रूवर शिशाचा एक गोल शिक्का ठोकलेला होता. त्यावर बारीक अक्षरं होती. ती इंग्रजी नव्हती, एवढंच दोघांना कळलं.

“हा तिकडल्या सरकारचा शिक्का हाय,” उमाजीभाऊ म्हणाला. “तिकडं एकेक पुर्जा तपासल्याबिगर बाजारात येऊ देत नाई म्हणते. आपल्या दिल्लीत आता कुठी तसं खातं निघून राह्यलं. हे उघडू नको बरं, डोमा. शिक्का तुटला का माल भंगार.”

“उघडल्याबिगर मी कसा पाहू, भाऊ?”

“पाहाचं काय त्याच्यात? तुह्यापेक्षा शिकल्या लोकानं पाह्यलं ना! जे तिकडं पास झालं ते इथी नापास कसं होईन? वीज सगळीकडं वीजच.”

डोमाला हे बोलणं पटलं नाही, पण खोडून काढता येईना. वीज सगळीकडं वीजच, यात खोटं काय होतं?

खरी अडचण निराळी होती. तिकडचा प्लग आपल्या तीन भोकांच्या सॉकेटात बसत नव्हता, म्हणून कलकत्त्यातल्या व्यापाऱ्यानं सगळे प्लग छाटून टाकले होते. वायरींची टोकं उघडी होती. डोमाला आपल्याकडचे तीन काड्यांचे प्लग बसवायचे होते. त्यानं पहिली वायर सोलली आणि तो थबकला. आत तीन तारा होत्या: लाल, काळी आणि राखी.

आपल्याकडं हिशेब सरळ होता. पहिल्याच दिवशी उस्तादानं थोबाडीत मारून शिकवलेला. लाल म्हणजे जिवंत, काळी म्हणजे परतीची आणि हिरवी म्हणजे मातीची. मातीची तार वस्तूच्या अंगाला बांधायची, म्हणजे आत काही बिघडलं आणि वीज अंगावर आली, तर ती माणसात न शिरता जमिनीत जाते. इथं लाल होती, काळी होती. हिरवीच्या जागी ही राखी.

डोमानं ती राखी तार बोटांत धरली. उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की काठाचा गाळ वाळून असाच राखी पडे. त्या गाळावर उभा राहून त्याचा बाप उरल्या पाण्यात जाळं टाकायचा. माती म्हटली की डोमाच्या डोळ्यापुढं दुसरा रंग येतच नसे. हिरवी माती कोणी पाहिलीय? उलट तिकडचे लोक शहाणे, मातीच्या तारेला त्यांनी मातीचाच रंग दिला. त्याला मनातून हसू आलं आणि हा रंग आपल्याला न सांगता ओळखता आला याचा थोडा अभिमानही वाटला. लाल जिवंत काडीला, काळी परतीच्या काडीला, राखी मातीच्या जाड काडीला. सहाही प्लग त्यानं तसेच बसवले.

मग तो बटणाकडं गेला आणि तेव्हा आठवलं, की आज मंगळवार, लाइन बंद राहायचा वार. दुपारभर खांबांचं काम चाललेलं, लाइन दिवेलागणीला येणार होती. इस्तऱ्या तशाच ठेवाव्यात आणि संध्याकाळी चालवून मग गाठ बांधावी, असं त्यानं ठरवलं. चांगला विचार होता. टिकला असता तर ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती.

कारण तेवढ्यात गुणाबाई आली.

गुणाबाई डोमाच्या गावची वरठीण. नवरा गेल्यावर पोरीला, कुंताला, काखेत मारून चांद्याला आली आणि झरपट नदीवर लोकांचे कपडे आपटत तिनं संसार उभा केला. आता कोर्टातले निम्मे वकील तिच्या हातचे कपडे घालत. जिभेनं तिखट, मनानं लोणी. डोमा चांद्याला नवा आला तेव्हा सहा महिने तिच्याच पडवीत झोपला होता, तिच्याच चुलीवरचं जेवला होता. बहिणीचं नातं म्हणावं तर रक्ताचं नव्हतं, पण रक्ताच्या बहिणीनंही इतकं केलं नसतं.

ती कोळशाच्या इस्तरीला विटली होती. परवाच एक ठिणगी उडून वकिलाच्या कोटाला भोक पडलं होतं. आणि तिची बोटं! इस्तरी तापली का हे बघायला ती उजव्या हाताचं बोट जिभेला लावी आणि इस्तरीच्या बुडाला टेकवी. चुर्र वाजलं की तापली. वीस-पंचवीस वर्षं हेच करून त्या बोटाच्या टोकाची कातडी चामड्यासारखी झाली होती. डोमानं हे हजारदा पाहिलं होतं. आपल्याला चटका का बसत नाही, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, “इस्तरी मले ओळखते, तुले नाई.”

“आली म्हणते तुमच्याकडं बिनकोळशाची?” दारातूनच ती ओरडली. “दाखव पहिले.”

इस्तरी हातात घेऊन तिनं उलटीसुलटी केली, त्या चकचकीत बुडात आपलं तोंड पाहिलं आणि पदरानं ते पुसलं. “माय व! याच्यात तं मी पोरीवानी दिसून राह्यली.” उमाजीभाऊ आणि डोमा दोघंही हसले.

“गुणाबाई, सांजच्याला ने,” डोमा म्हणाला. “लाइन नाई आता. चालवून पाहाची हाय.”

“सांजच्याला मले काम हाय. उद्या सकाळी वकिलाचा कोट पायजे. गाठ कुठी हाय याची?”

“नाई बांधली आणखी.”

“मंग बांध!”

उमाजीभाऊनं डोळ्यांनी खूण केली. शिक्का आहे ना, बांधून टाक. डोमाच्या हातात सुतळी होती. त्यानं एकदा त्या शिशाच्या शिक्क्याकडं पाहिलं. कोणीतरी, कुठंतरी, आपल्यापेक्षा शिकलेल्या माणसानं ही इस्तरी उघडून, तपासून, नीट आहे म्हणून सांगितलं होतं. आपण नुसता प्लग तर बसवला. बारा वर्षांत पहिल्यांदा डोमानं न चालवलेल्या वस्तूला गाठ बांधली. बोटांना सवय होती, ती चुकली नाहीत. गाठ नेहमीसारखीच घट्ट बसली.

मनात खुटखुट राहिली म्हणून तो म्हणाला, “लाइन आली का थांब जरा. मी येऊन लावून देतो.”

“तू कायले येतं? गाठ बांधली ना?” गुणाबाई इस्तरी पदराखाली घेत म्हणाली. “आता मीच लावतो आणि मीच चालवतो. तू जेवाले ये, वांग्याची भाजी हाय.”

ती गेली आणि डोमाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं.

दिवे लागले तेव्हा साडेसहा झाले असतील. दुकानातले बल्ब एकदम पेटले आणि पंखा गरगरला. डोमानं दुसरं काम खाली ठेवलं, उरलेल्या पाचांतली एक इस्तरी लाकडी टेबलावर उभी केली आणि प्लग लावला. लाकडी स्टुलावर बसून तो वाट बघू लागला. विजेच्या इस्तरीला तापायला जरा वेळ लागतो. त्यानं विडी पेटवली आणि संपवली. इस्तरीच्या बुडासमोर हात धरला, न लावता. हाताला काही लागेना, धग कशी ती नाही.

“एक खराब निघाली, भाऊ,” तो म्हणाला.

“सहात एक चालते,” उमाजीभाऊ पाठ न वळवता म्हणाला.

डोमानं दुसरी लावली. पुन्हा थांबला. तीही थंड. आता त्याच्या कपाळाला आठी पडली. एक खराब निघते, दोन कशा निघतील? आतली तार तुटली असेल तर दोन्हींची एकदम कशी तुटेल? त्यानं खुंटीवरचा टेस्टिंगचा दिवा काढला. दिवा कसला, एक बल्ब आणि त्याला दोन लांब तारा. एक तार त्यानं नळाच्या पाइपाला लावली. दुसरी कुठं लावावी याचा विचार करता करता ती इस्तरीच्या चकचकीत अंगाला टेकली.

बल्ब लख्ख पेटला.

डोमा बघतच राहिला. त्यानं तार उचलली, दिवा विझला. टेकवली, पेटला. कुठं फट नव्हती, कुठं तार उघडी नव्हती. सगळी वीज, खांबावरून येणारी पुरीच्या पुरी, त्या सुंदर, थंडगार, आरशासारख्या लोखंडात उभी होती. कोणी हात लावतं का, याची जणू वाट बघत होती.

त्यानं प्लग उपटला. पेचकस घेतला आणि शिशाचा तो शिक्का एका घावात फोडला. उमाजीभाऊ “अरे, अरे!” करत धावला, तोवर झाकण निघालं होतं. आतलं काम इतकं स्वच्छ होतं की बघत राहावं. काळी आणि राखी तार तापणाऱ्या पट्टीच्या दोन टोकांना जोडलेली. आणि लाल तार पितळी स्क्रूनं इस्तरीच्या अंगाला. ज्यानं ती जोडली त्यानं अगदी बरोबर जोडली होती. तपासणाऱ्यानं शिक्का बरोबर मारला होता. त्यांच्या देशात लाल म्हणजे माती होती.

“भाऊ,” डोमा म्हणाला. “मी मातीच्या तारेत जीव घातला.”

“म्हणजे?”

“गुणाबाई!”

तो पळत सुटला. पायात चप्पल होती की नव्हती, त्याला कधी आठवलं नाही. बाजारातली माणसं बाजूला होत होती, कोणीतरी हाका मारत होतं. त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं. पट्टीला लाइन नाही म्हणजे इस्तरी तापणार नाही. तापली नाही की गुणाबाई काय करेल? पायाखाली ओली जमीन, शेजारी पाण्याची बादली, कपडे शिंपडून हात भिजलेले. ती बोट जिभेला लावेल. देवा, ते बोट! आणि आपण काय करत होतो? विडी ओढत इस्तरी तापायची वाट बघत होतो. तीही तिकडं तशीच वाट बघत असेल. आपण दोन-दोन इस्तऱ्या लावल्या. पहिल्याच वेळी दिवा टेकवला असता तर? दुपारी टेकवला असता तर! दुपारी लाइन नव्हती. मग गाठ कशाला बांधली रे, हरामखोरा, गाठ कशाला बांधली?

“लावू नको! गुणाबाई, हात लावू नको!” गल्लीच्या तोंडापासून तो ओरडत गेला.

पडवीत दिवा जळत होता. दाराशी चार बायका उभ्या होत्या आणि आतून कुंताचं रडणं येत होतं. ते रडणं ऐकलं आणि त्याचे पाय आपोआप हळू झाले. त्या आवाजानंतर घाईचा काही उपयोग नसतो.

गुणाबाई जमिनीवर पडली होती. वकिलाचा कोट टेबलावर पसरलेला, त्याच्यावर पाण्याचे थेंब तसेच. शेजारच्या झिंगूनं काठीनं वायर ओढून प्लग उपटला होता, तेवढं त्याला सुचलं. डोमानं तिची छाती दाबली, हात चोळले, पाय चोळले, हाका मारल्या. डॉक्टर आला. त्यानं मनगट धरलं, डोळ्याची पापणी वर केली आणि पदर नीट करून उठला. तिचं उजवं बोट अजून पुढं होतं. त्या चामड्यासारख्या टोकावर तांदळाएवढा काळा डाग होता. पंचवीस वर्षं निखाऱ्याला न भ्यायलेलं बोट थंड लोखंडानं जाळलं.

डोमाला रडू येईना. माणूस इतकं हादरलं की रडायची वाटसुद्धा बुजते. तो नुसता त्या बोटाकडं बघत बसला.

पोलीस जमादार आला, सोबत कागद-दौत. उमाजीभाऊही धापा टाकत येऊन पोचला होता. त्यानं डोमाचा दंड दाबला आणि कानाशी लागला, “तू काई बोलू नको. हात ओला होता तिचा. ओल्या हातानं कोणंही मरते. सरकारी शिक्का हाय वर.”

जमादारानं इस्तरी काठीनं वळवली. “हे काय लिहिलंय याच्यावर?”

कोणाला सांगता येईना. वकील स्वतः आला होता, त्यालाही ती भाषा वाचता आली नाही. मग जमादारानं वायरीला लटकणारा पुठ्ठ्याचा तुकडा उचलला. “आणि हे?”

“डोमाची गाठ हाय, साहेब!” तीन-चार जण एकदम म्हणाले. शिक्का वाचता येणारा चांद्यात कोणी नव्हता, गाठ मात्र साऱ्या गावाला वाचता येत होती. “त्याची गाठ असली का वस्तूत खोट नसते,” झिंगू म्हणाला. “बारा वर्षं झाले, एक वस्तू वापस नाई आली. इस्तरीत काई दोष नाई, साहेब. बिचारीची वेळ भरली होती.”

“हात ओला होता,” उमाजीभाऊ म्हणाला.

“हो, हात ओला होता,” बायकांनी मान डोलावली. जमादार लिहू लागला.

कुंता आईच्या डोक्याशी बसली होती. ती कोणाला उद्देशून नाही, नुसतीच बोलू लागली. “मी म्हटलं, माय, तापून नाई राह्यली, राहू दे. वापस करून देऊ. तं माय म्हणे, डोमाची गाठ हाय पोरी, तापंनच. तापली असंन, तुले नाई कळत. आन् बोट लावलं.”

एवढं बोलून तिनं डोमाकडं पाहिलं. त्या पोरीच्या नजरेत राग असता तर डोमाला सोसला असता. राग नव्हता. गावातल्या माणसाकडं, आपल्या मामाकडं बघावं तशी ती आधारासाठी बघत होती.

डोमा उठला. उमाजीभाऊनं त्याचा सदरा मागून ओढला, तो त्यानं झटकला.

“लिहू नका, साहेब,” तो म्हणाला. “हात रोजच ओला राहे तिचा. इस्तरीत दोष नाई आन् तिच्या हातात नाई. तिकडल्या तारेचा रंग मले माहीत नोहता. मी मनानं जोडली. लाइन नोहती, चालवून नाई पाह्यली. न पाहता गाठ बांधली.”

जमादाराची लेखणी थांबली. त्याला ते नीट कळलं नाही की कळलं तरी लिहावंसं वाटलं नाही, देव जाणे. “पुन्हा सांग,” तो म्हणाला.

डोमानं पुन्हा सांगितलं. या वेळी कुंताकडं बघून.

कुंतानं मान खाली घातली. आईचं ते बोट तिनं आपल्या मुठीत घेतलं आणि डोमाकडं पाठ केली.

पुरावा म्हणून जमादाराला तो पुठ्ठा हवा होता. त्यानं गाठ सोडायला नखं लावली, मग दात लावले. ती आणखी आवळत गेली. “अरे, ही सुटते कशी?” तो वैतागून म्हणाला.

“सुटत नाई, साहेब,” डोमा म्हणाला. “कापा लागते.”